शोरूम बंद झाल्यानंतरची गाडी

तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर 2008 साली जनरल मोटर्सची पाटी लागली. आतून शेवरलेच्या स्पार्क आणि बीट बाहेर पडू लागल्या. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यात तेवढी चालू ठेवली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तीही बंद केली. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी कारखाना घ्यायला पुढे आली होती, पण त्याच वर्षी शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर सरकारने निर्बंध आणले आणि 2022 पर्यंत वाट पाहून तो व्यवहार बारगळला. अखेर ह्युंदाईने कारखाना घेतला. आता तिथे व्हेन्यू बनते.

या सगळ्यात चौदाशेहून जास्त कामगारांचं काम गेलं. ते कोर्टात गेले, उपोषणाला बसले. मावळात राहणाऱ्यांना ही माणसं माहीत आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला कोणत्या कंपनीने किती गाड्या विकल्या याचे आकडे येतात, कोण वर गेलं आणि कोण खाली आलं याची चर्चा रंगते. मीही ते आकडे आवडीने वाचतो. पण पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाढल्यामुळे असेल, त्या प्रत्येक आकड्यामागे मला एखादं फाटक, एखादी कंपनीची बस आणि तिची वाट बघत उभी असलेली माणसं दिसतात. आणि दिसतो तो गाडीवाला, ज्याने त्या पाटीवर विश्वास ठेवून पाच वर्षांचे हप्ते अंगावर घेतले.

या बाजाराबद्दल माझं एक मत इतक्या वर्षांत पक्कं झालं आहे. आपल्याकडचा ग्राहक गाडीतला दोष पोटात घालतो, पण वाऱ्यावर सोडून जाणाऱ्याला विसरत नाही. आणि एकाने सोडलं की त्याची शिक्षा तो पुढच्या चार जणांना देतो.

सुरुवातीची पस्तीसएक वर्षं सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जायला दुसरीकडे वाट नव्हती. उत्तरपाड्याला बिर्लांची ॲम्बॅसेडर, कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, मद्रासला थोड्याफार स्टँडर्ड. बस्स. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर देशभरात मिळून वर्षाला पन्नास हजार गाड्याही बनत नव्हत्या. किती बनवायच्या हे परवान्याने ठरे आणि पैसे भरलेला माणूस वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहत बसे. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड. पुढचा जाळीदार भाग बदलायचा, दिवे बदलायचे, मार्क टू, मार्क थ्री म्हणायचं. 1974 साली फियाटचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तरी गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता आणि मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले.

या दोन गाड्यांबद्दल हळवं होऊन लिहिणारे खूप आहेत. मला त्या काळाचा राग जास्त येतो. ग्राहकाला काय हवंय हे विचारण्याची गरजच ज्यांना पडली नाही, त्यांचे इंजिनीअर आणि कामगार कितीही गुणी असले तरी त्यांचे गुण वाया जातात, आणि ते गेले. पण पद्मिनीने एक गोष्ट दाखवून दिली. तिचं उत्पादन 2001 च्या सुमारास थांबलं, कुर्ल्याचा तो कारखाना गेला, आणि तरी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली ती ऑक्टोबर 2023 मध्ये. तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे. उत्पादन थांबल्यावर दोन दशकं गाडी टिकली. कारण तिचं बोनेट कुठल्याही नाक्यावर उघडता येत होतं, क्लच प्लेटपासून दरवाजाच्या कडीपर्यंत सगळं कुर्ल्याच्या बाजारात मिळत होतं, आणि ती खोलून परत जोडू शकणारा मिस्त्री प्रत्येक टॅक्सी स्टँडच्या आसपास असायचाच. तिला बनवणारं कुणी उरलं नव्हतं, पण ती बेवारस झाली नाही.

मग मारुती आली. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली. सुझुकी तेव्हा जगातल्या मोठ्या कंपन्यांत मोजली जात नव्हती, आणि बड्या कंपन्या भारताकडे ढुंकून बघत नसताना ती 26 टक्के भांडवल घेऊन सरकारबरोबर उभी राहिली. 796 सीसीचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, हलकं स्टिअरिंग, सकाळी एका चावीत सुरू होणारी गाडी. याबद्दल बरंच लिहून झालं आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते मारुतीने गाडीभोवती उभं केलेलं जग. सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने तिने उभे केले किंवा उभे राहायला भाग पाडलं. तालुक्याच्या गावापर्यंत अधिकृत सर्व्हिस स्टेशन नेलं. सांगोल्याचा डॉक्टर किंवा चाळीसगावचा वकील गाडी घेताना पहिला प्रश्न विचारतो, "इथे होईल ना काम, की नाशिकला न्यायची?" या प्रश्नाला चार दशकं सरळ "होईल" असं उत्तर देणारी मारुतीच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देशात विकल्या जाणाऱ्या दहातल्या आठेक गाड्या तिच्या होत्या.

गाड्यांवर जीव असणारी मंडळी मारुतीला पातळ पत्र्याची म्हणून नावं ठेवतात. पत्र्याबद्दलची तक्रार खरी आहे, पुढे त्यावर येतोच. पण ज्याच्या घरात पहिली गाडी येणार आहे त्या माणसाची धास्ती मारुतीइतकी कुणी ओळखली नाही, हेही तितकंच खरं.

1993 साली कार उद्योगावरचा परवाना उठला आणि बाहेरच्यांची रीघ लागली. महाराष्ट्रापुरतं बघायचं तर डोंबिवलीत प्रीमियरबरोबर प्यूजो 309, नाशिकला महिंद्राबरोबर फोर्ड एस्कॉर्ट, कुर्ल्याला फियाट उनो. तिकडे उत्तर प्रदेशात सूरजपूरला देवू सिएलो, गुजरातेत हालोलला ओपेल ॲस्ट्रा. पाच वर्षांत यातल्या बहुतेकांचा जोर ओसरला. 309 ही युरोपात बंद पडलेली गाडी होती. सिएलोच्या तळाशी 1984 ची ओपेल कॅडेट होती. मारुती 800 मधून वर सरकणारा ग्राहक परदेशी बिल्ल्यावर भाळेल, अशी अटकळ होती. पहिल्या आठवड्यात तो भाळलाही, उनोसाठी तर लाखोंनी पैसे भरले. पण बुकिंग करून गाडी मिळेना, कारखान्यात संप, आणि मिळाली तर पार्ट कुठे मिळणार याचा पत्ता नाही. देवू तर दक्षिण कोरियातच बुडाली आणि मॅटिझसारखी चांगली गाडी घेतलेले लोक उघड्यावर पडले.

याच गर्दीत ह्युंदाई आली, आणि ती वेगळी वागली. स्वतःचे पैसे, चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना, कोरियातून सोबत आणलेले सुटे भाग बनवणारे. सप्टेंबर 1998 मध्ये सँट्रो आली तेव्हा तिच्या उंच छपराला लोक विचित्र म्हणाले. वर्षभरात फेटा बांधलेले, गुडघे दुखणारे, आजीला पुढे बसवून देवदर्शनाला नेणारे असे सगळे त्या उंचीचे गुण गाऊ लागले.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यातून इंडिका आली. माझे मामा टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, होते, त्यामुळे मी अलिप्तपणे लिहू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करणार नाही. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने अथपासून इतिपर्यंत स्वतः प्रवासी गाडी बनवायची, हे रतन टाटांचं धाडस बऱ्याच जाणत्यांना वेडेपणा वाटलं होतं. मारुती झेनएवढी लांबी, ॲम्बॅसेडरएवढी आत जागा, मारुती 800 च्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च, असा तो हिशेब. गाडी बनवायला लागणारी यंत्रं आणली ती निसानच्या ऑस्ट्रेलियात बंद पडलेल्या कारखान्यातून, खोलून, जहाजात घालून, पिंपरीला पुन्हा जोडून. बुकिंग उघडल्यावर आठवड्याभरात लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले.

गाडी आली आणि तक्रारींचा पाऊस पडला. आवाज, हादरे, लवकर झिजणारे भाग. 2000-01 साली कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला. एखाद्या परदेशी कंपनीच्या मुख्यालयात हा ताळेबंद गेला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. पुण्यात तसं झालं नाही. कंपनीने शिबिरं घेऊन आधी विकलेल्या गाड्यांमधले सदोष भाग स्वखर्चाने बदलून दिले, आणि 2001 साली इंडिका व्ही-टू आणली. ती धो-धो चालली. मामा तेव्हा घरी उशिरा यायचे, बोलायचे कमी. एका रविवारी एवढंच म्हणाले, "आता शेजारचे तोंडावर नाव ठेवत नाहीत." शेजाऱ्यांनी पहिल्या लॉटमधली घेतली होती, आणि पुढची गाडीही त्यांनी टाटाचीच घेतली. दोष पोटात घालतात म्हणतो ते यासाठी.

इंडिकाचं पुढे टॅक्सीत रूपांतर झालं. पिवळ्या नंबर प्लेटचा शिक्का बसला आणि घरगुती ग्राहक दुरावला. नॅनोला तर "सगळ्यात स्वस्त" हे शब्दच जड गेले. स्कूटरवरून चौघांना पावसात नेणाऱ्या बापाला गाडी हवी होती, स्वस्त म्हणून ओळखली जाणारी गाडी नको होती. 2010 नंतरची काही वर्षं टाटांच्या शोरूममध्ये शुकशुकाट असायचा. तरीही ते राहिले.

फियाटची कथा मात्र मला अजून चटका लावते. रांजणगावच्या तिच्या कारखान्यात एक डिझेल इंजिन बनायचं. 1.3 लिटर मल्टिजेट, नेमकं सांगायचं तर 1248 सीसी. हेच इंजिन परवाना घेऊन सुझुकीने मानेसरला बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा यांच्यात बसवलं. टाटांनी इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये बसवलं. शेवरले सेलमध्येही तेच. दहा-बारा वर्षं मध्यमवर्गीय भारत या एका इटालियन इंजिनावर धावला. स्विफ्टवाला अभिमानाने सांगायचा, बावीसचा ॲव्हरेज देते, आणि तो खरं सांगायचा. हेच इंजिन फियाटच्या पुंटोत होतं. पुंटो रस्त्याला चिकटून चालायची, दरवाजा लावला की भरीव आवाज यायचा, हायवेला शंभरच्या वेगात आत बसलेल्याला कळायचं नाही. आणि ती महिन्याला मोजक्याच विकली जायची. दोघांचं इंजिन एकच असताना माणसं स्विफ्टसाठी सहा-सहा महिने थांबायची आणि पुंटो हजर स्टॉकमध्ये उभी असायची.

का? गाडीत उणं काही नव्हतं. फियाटने तोवर भारतात इतक्या वेळा घरं बदलली होती की तिच्या पत्त्यावर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. आधी प्रीमियर, मग स्वतः, मग टाटांच्या शोरूमच्या एका कोपऱ्यात, मग पुन्हा स्वतंत्र. टाटांच्या शोरूममधला सेल्समन टाटाचीच गाडी दाखवणार, यात त्याचा काय दोष? 2019 पर्यंत फियाटच्या गाड्या बाजारातून गेल्या. एप्रिल 2020 ला गाड्यांच्या धुरासाठीचा कडक बीएस-6 नियम आला, मारुतीने डिझेलच सोडून दिलं, आणि ते इंजिनही थांबलं.

वाऱ्यावर सोडणं म्हणजे नेमकं काय, हे मी कासारवाडीच्या एका गॅरेजात जवळून पाहिलं. मित्राच्या वडिलांची गाडी होती, देश सोडून गेलेल्या एका कंपनीची. कंपनीने पार्ट पुरवत राहू असं सांगितलं होतं, आणि कागदावर ते मिळतही होते. मेकॅनिकने बोनेट उघडून एका काळ्या प्लॅस्टिकच्या कोपरावर टॉर्च मारला. थर्मोस्टॅटजवळचा एल्बो, बोटाएवढा. त्याला केसासारखी चीर गेली होती आणि तिच्या कडेने कूलंटचे वाळलेले हिरवट-पांढरे ओघळ दिसत होते. "एवढाच पार्ट हवाय. महिना झाला ऑर्डर टाकून." इंजिन सुरू केलं तर घड्याळासारखं चालत होतं. मेकॅनिक बोनेटला टेकून म्हणाला, "दादा, इंजिन मस्त आहे हो. आपल्यासाठी फोन उचलणारं कुणी राहिलं नाही, तिथे अडलंय." शेवटी भोसरीच्या एका लेथवाल्याकडून त्याने तो एल्बो ॲल्युमिनियमचा करून घेतला. गाडी अजून चालते. पण मित्राच्या वडिलांनी ती विकायला काढली तेव्हा एजंटाने गाडी न पाहता, केवळ नाव ऐकून निम्मा भाव सांगितला. त्या घरात पुढची गाडी कुठली आली असेल हे सांगायला नको. शोरूमला जाहिरात आणि कलाकार लागतात. पुढचं गिऱ्हाईक मात्र त्या एजंटाच्या एका वाक्यावर ठरतं.

सरकारी नियमांनीही बऱ्याच जणांचं नशीब फिरवलं आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि डिकी छाटलेल्या सेडान गाड्या, मग छोट्या एसयूव्ही जन्माला आल्या. डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे वीस रुपयांहून स्वस्त होतं तोवर डिझेलवाल्यांचं राज्य होतं. 2014 ला डिझेलचे दर मोकळे झाले आणि ते सरलं. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. यावर आणखी लिहिता येईल, पण नियम सगळ्यांना सारखेच असतात. कोण तयारीत होतं, एवढाच फरक.

गेल्या सात-आठ वर्षांत झालेला बदल मात्र नियमांपेक्षा खोलवरचा आहे. 2014 च्या सुरुवातीला गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्या लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या. अल्टो, आय-टेन, फिगो, नॅनो, सगळ्यांना शून्य तारे. त्यातून धडा सगळ्यात आधी घेतला टाटांनी. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. पत्र्याची जाडी बोटाने दाबून बघणारा ग्राहक आता तारे विचारू लागला. महिंद्राने 2002 च्या स्कॉर्पिओपासून जपलेला आपला दणकट बाज सोडला नाही, लहान गाड्यांच्या नादी फार लागली नाही, आणि एक्सयूव्ही 700, नवी थार, स्कॉर्पिओ-एन यांनी वेटिंगच्या याद्या लावल्या. नाशिकला एस्कॉर्ट बनवताना महिंद्राची माणसं जे शिकली, त्याचं फळ फोर्डपेक्षा महिंद्रालाच जास्त मिळालं असं मला वाटतं.

2024 साली टाटा पंच देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली. चाळीस वर्षांत तो मान पहिल्यांदाच मारुतीबाहेर गेला. 2018-19 ला निम्मी बाजारपेठ हातात असलेली मारुती 2024-25 मध्ये 41 टक्क्यांच्या आसपास आली. तरीही तिने त्या वर्षात देशात साडेसतरा लाखांहून जास्त गाड्या विकल्या, आणि ह्युंदाई, टाटा, महिंद्रा हे तिघंही साडेपाच ते सहा लाखांच्या दरम्यान होते, हे विसरून चालणार नाही. 2025 मध्ये महिंद्राने दुसरी जागा घेतली आणि वर्षानुवर्षं तिथे पाय रोवून असलेली ह्युंदाई खाली सरकली. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांनी जानेवारी 2023 मध्ये ताब्यात घेतला. तो नॅनोसाठी उभारलेल्या कारखान्याच्या शेजारीच आहे. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे, पुण्या-नाशिकच्या माणसांच्या हातचं काम वर आलं म्हणून. पण ह्युंदाईची मला काळजी वाटत नाही. तिने तळेगावात पैसे ओतलेत, ती राहायला आली आहे. मारुतीनेही नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळवून दाखवले.

काळजी वाटते ती विजेच्या गाड्यांची, कारण तिथे तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. टाटांनी 2020 साली नेक्सॉन ईव्ही आणून हा बाजार जवळजवळ एकट्याने उभा केला. 2023 पर्यंत दहातल्या सात गाड्या त्यांच्या होत्या. मग एमजीची विंडसर आली, महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आल्या, आणि टाटांचा वाटा निम्म्याखाली गेला. स्पर्धेचा भाग म्हणून आता या कंपन्या बॅटरीला आजन्म वॉरंटी देऊ लागल्या आहेत. ती असते पहिल्या मालकाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की तिला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते.

आपल्या देशात नव्यापेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. पहिला मालक पुण्यातला आयटीवाला असेल, दुसरा बार्शीतला शिक्षक असणार आहे, तिसरा कदाचित भाड्याने गाडी चालवणारा. पेट्रोल गाडीत त्या तिसऱ्या माणसाला नाक्यावरचा मिस्त्री तारून नेत होता. बॅटरीतल्या सेलचा एखादा गठ्ठा, म्हणजे मॉड्यूल, गेला तर तो उघडायचं प्रशिक्षण, ते निदान करणारं सॉफ्टवेअर आणि सुटा मॉड्यूल हे सगळं कंपनीच्या हातात आहे. कासारवाडीच्या त्याच मेकॅनिकने पुतण्याला हाय व्होल्टेजच्या कोर्सला घातलंय. पोरगा हुशार आहे, रबरी हातमोजे घालून काम शिकतोय. त्याने मला परवा विचारलं, "काका, वॉरंटीबाहेरची गाडी आली तर कंपनी आम्हाला पार्ट विकणार का?" मी दोन शोरूममध्ये जाऊन हाच प्रश्न विचारला. दोन्हीकडच्या सेल्समननी मला पहिल्या मालकाची वॉरंटी पुन्हा समजावून सांगितली.